साचे तापवायचे राहिले

पहिल्याच दिवशी तिच्या चपलेवर मेण सांडलं.

सांडलं कसलं, त्यानंच सांडवलं! ती मेणबत्त्यांच्या कारखान्याच्या दारातून आत आली, आणि हातात मेणाचं भांडं घेऊन तो मागे न बघता वळला. झालं! नव्या कोऱ्या चपलेवर पांढरा ओघळ. ती घाईघाईनं पुसायला वाकली.

"अहो, पुसू नका! पसरेल—"

"मग काय, अशीच उभी राहू?"

"राहा ना थोडा वेळ... गार झालं की आपोआप सुटतं."

आणि ती खरंच उभी राहिली. समोर तो, कान लाल करून. मेण गार झाल्यावर तिनं नख लावलं, तर अख्खा ओघळ एका तुकड्यात निघून आला. चपलेवर डागसुद्धा नाही. "बघा!" म्हणून तो असा काही हसला, जणू ती चप्पलही त्यानंच शिवली होती. तिला राग यायला हवा होता. आला नाही, ही पंचाईत.

तो तिथला इंजिनिअर. तिला मालकांनी इंग्रजी लिहायला ठेवलं होतं. परदेशातली एक कंपनी इथली यंत्रं आणि पद्धत विकत घेणार होती, आणि मेणबत्ती कशी बनते ते त्यांना साध्या इंग्रजीत लिहून हवं होतं. इतकं साधं की जन्मात मेणाला हात न लावलेल्या माणसालाही जमावं. लिहिलेलं पसंत पडलं तर तिची नोकरी कायम. नाही पडलं तर मावशीकडची खोली सोडून दादाकडे परत. दादानं तर आपल्या हार्डवेअरच्या दुकानात तिच्यासाठी खुर्ची पुसूनच ठेवली होती. खिळे विकण्यात वाईट काही नाही हो. पण ही नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती, आणि ती तिला जिवापाड हवी होती.

मग रोज ती यंत्राशेजारी स्टूल टाकून बसायची आणि त्याचा जीव खायची.

"मेण पुरेसं तापलं की ओतायचं," तो सांगायचा.

"पुरेसं म्हणजे किती?"

"म्हणजे... कळतं की."

"तुम्हाला कळतं. पलीकडच्या देशातल्या माणसाला कसं कळणार? झालं हे कशावरून ओळखायचं, ते सांगा. प्रत्येक कामाच्या शेवटी ते हवंच. आणि क्रमानं. एका वाक्यात एकच गोष्ट."

"शाळेत बाई होता का तुम्ही?"

"तुमच्यासारखा विद्यार्थी असता तर पळून गेले असते."

तो डोकं खाजवायचा, पुन्हा मेणाकडे बघायचा, आणि मग खरंच काहीतरी सापडायचं त्याला. "हां... वरचे बुडबुडे थांबतात बघा. आणि तळ दिसायला लागतो." ती लिहून घ्यायची. सुरुवातीला तिनं लिहिलेली हातभर लांबीची, भारदस्त वाक्यं तिनं स्वतःच खोडून टाकली होती. आता कसं, मेण वितळवा. तळ दिसला की ओता. बस्स! त्याचं बोलणं ऐकता ऐकता तिचं इंग्रजी सरळ झालं होतं. आणि तिच्या स्टुलावर ऊन येतं म्हणून त्यानं न बोलता खिडकीला पुठ्ठा लावला होता. चहा आला की तिचा कप तो आधी फुंकर मारून सरकवायचा. काही म्हणायचा मात्र नाही. एक शब्द नाही!

मग कंपनीच्या पाहुण्या बाई आल्या. शांत, नीटनेटक्या, आणि अट मात्र जहाल. "ज्यांना काम येतं ते सगळे आज काचेच्या भिंतीबाहेर. आत एकच माणूस, ज्यानं यंत्राला कधी हात लावलेला नाही. त्यानं फक्त वाचायचं आणि करायचं."

निवड झाली अकाउंटंटकाकांची. काका इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडत, देवाचं नाव घेत आत गेले. एक एक ओळ मोठ्यानं वाचत त्यांनी मेण वितळवलं, वाती ताणल्या, तळ दिसल्यावर साच्यांत ओतलं. काचेबाहेर ती श्वास रोखून उभी. शेजारी तो. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता, आणि आज त्याचंही भान तिला नव्हतं.

मेणबत्त्या बाहेर आल्या. आणि एकूण एक मेणबत्तीच्या अंगावर पांढऱ्या आडव्या रेघा! पाहुण्या बाईंनी एक उचलली, फिरवून पाहिली, खाली ठेवली.

"साचे गार होते," तो पुटपुटला.

ती गर्रकन वळली. "साचे तापवायचे असतात?"

"म्हणजे काय! त्यांच्याभोवती गरम पाणी सोडायचं ना आधी."

"हे मला कधी सांगितलंत?"

"सांगितलं नाही?" त्याचा चेहरा उतरला. "मी आल्या आल्या दाराजवळचं गरम पाण्याचं लाल चाक फिरवतो. बॅग ठेवायच्याही आधी. तुम्ही येईपर्यंत साचे तापलेले असतात. मला वाटलं... ते तर माहीतच असतं."

"तुम्हाला माहीत असतं! मी काय तुमच्या डोक्यात राहते?"



आता रडत बसायला वेळ नव्हता. ती सरळ पाहुण्या बाईंकडे गेली. "एक काम लिहायचं राहिलं. चूक माझी; काम सुरू होण्याआधीचं मी पाहिलंच नाही. जेवणानंतर पुन्हा करून बघाल?" बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली. मग तिनं त्याला सरळ फाटकापासून चालत यायला लावलं. तो पुढे, ती मागे. दारातून शिरताच काय, चाक किती फिरवायचं, झालं हे कशावरून ओळखायचं. "साच्याला हाताची पाठ लावायची. ऊब लागली, पण हात ओढावासा वाटला नाही, की झालं." तिनं हाताची पाठ साच्याला लावली. ऊब लागली. मग तिनं ते लिहिलं, सगळ्यांत वर.

जेवणानंतर काकांनी पुन्हा बाह्या दुमडल्या. आणि या खेपेला... अहाहा! गुळगुळीत, दुधासारख्या मेणबत्त्या, एकही रेघ नाही. काका एक मेणबत्ती हातात नाचवत म्हणाले, "मी केली! मी!" पाहुण्या बाई पहिल्यांदा हसल्या. "हेच घेऊन जाते मी." मालकांनी तिथल्या तिथे तिला सांगितलं, नोकरी कायम. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की ती स्टुलावर मटकन बसली आणि डोळ्यांतून पाणीच आलं. दादाला आता ती खुर्ची हवी त्याच्यासाठी पुसू दे.

सगळे पांगले. काका जाता जाता थांबले, त्याच्याकडे बघून म्हणाले, "आता तेही सांगून टाक बाबा. अख्ख्या कारखान्याला माहीत आहे." आणि मिशीत हसत निघून गेले.

"काय माहीत आहे?" तिनं विचारलं.

"ते... तुम्हालाही माहीतच असेल की."

"पुन्हा तेच!" ती उठून उभी राहिली. "मला काही माहीत नाही. सकाळीच शिकलात ना? क्रमानं सांगा. एका वाक्यात एकच गोष्ट."

त्याचे कान पहिल्या दिवशीसारखे लाल झाले. पण आता त्यानं टाळलं नाही.

"तुम्ही येता म्हणून मी लवकर येतो," तो म्हणाला. "तुम्ही गेलात की इथे करमत नाही. आज तुमची नोकरी जाते की काय, या विचारानं मला जेवण गेलं नाही. मला तुम्ही आवडता. फार. मला तुमच्याशी लग्न करायचंय."

तिला हसूही येत होतं आणि रडूही. इतकी स्वच्छ, सरळ वाक्यं तिला स्वतःलाही कधी जमली नव्हती.

"बरं लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "पण शेवट राहिला. झालं... हे कशावरून ओळखायचं?"

"तू हो म्हणालीस," तो म्हणाला, "की झालं."

तिनं त्याच्या हाताला आपल्या हाताची पाठ लावली. ऊब लागली. हात ओढावासा वाटला नाही.

"हो," ती म्हणाली.