डिकीतले कांदेपोहे

त्या शुक्रवारी दोह्याजवळच्या लुसैलच्या कॅफेत तो मुलगा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा डबा घेऊन शिरला, तेव्हाच खरं तर भैरवीला कळायला हवं होतं की कुठेतरी घोळ झालाय. पण तिचं लक्ष लॅपटॉपमध्ये होतं आणि डोकं आठवडाभर तापलेलं होतं.

तापायला कारणही तसंच होतं. भैरवी एका ट्रॅव्हल वेबसाइटसाठी लिहायची. दोह्यातली फुटबॉलची स्टेडियम्स लिहून झाली, उंटांच्या शर्यती लिहून झाल्या, आणि आता तिच्या आयरिश मॅनेजरला, डोनलला, मायदेशाची आठवण आली होती. हर्लिंगच्या स्टेडियम्सची तुलना, परगावाहून मॅच बघायला येणाऱ्यांसाठी! हर्लिंग म्हणजे काय, इथपासून भैरवीची तयारी. ती नाशिकची. काठी घेऊन चेंडूमागे धावलं की हॉकी, आणि हवेत उडवून हाणलं की विटीदांडू, एवढं तिला ठाऊक होतं. या साहेबांच्या खेळात दोन्ही एकदम चालायचं. शेवटी वैतागून तिने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, हर्लिंगची माहिती कुणाला आहे का?

उत्तरादाखल चार सुप्रभात आले, आणि जालिंदरकाकांचा फोन आला. काका मंडळाचे जुने कार्यकर्ते, हाती घेतलेलं काम तडीला नेणारे.

"अगं, आपला कोल्हापूरचा श्रेयस खेळतो की ते काठ्यांचं! आयरिश कंपनीत आहे. शुक्रवारी पाठवतो. तू फक्त ये."

तर हा तो श्रेयस. डबा टेबलावर ठेवून तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"थँक्यू. मला आधी एवढं सांगा," भैरवीने सरळ सुरुवात केली, "डब्लिनचं क्रोक पार्क चांगलं, की थर्ल्सचं स्टेडियम?"

"अं... मी सिव्हिल इंजिनिअर आहे. इथे साइटवर असतो, अल रय्यानला."

"बरं. आणि थर्ल्सला प्रेक्षक स्टेशनपासून चालत जाऊ शकतात?"

"घरी आई-बाबा. बहिणीचं लग्न झालंय. मला चहा येतो. भाजी... म्हणजे, शिकतोय."

भैरवीने लॅपटॉपवरून मान वर केली. "अहो, मी तुम्हाला हर्लिंगचं विचारतेय."

"हो, काका म्हणाले होते. मुलगी जरा बुजरी आहे, आधी खेळाचंच विचारेल म्हणून."

मग श्रेयस कानापर्यंत लाल झाला आणि भैरवीने कपाळावर हात मारून घेतला. काकांना हर्लिंगशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी सरळ कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरवला होता!

"सॉरी... मी निघतो," तो उठला. डबा उचलला, परत ठेवला. "पेढे राहू द्या."

"निघता कुठे? माझी सुट्टी गेली त्याचं काय? बसा, आणि खेळाचं सांगा."

तो बसला, आणि सांगायला लागला. कंपनीने दोन उन्हाळे त्याला आयर्लंडला ठेवलं होतं, तिथेच ही खोड लागली. क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजार माणूस मावतो, एका टोकाला नुसता उभ्याने बघायचा उतार आहे. थर्ल्स म्हणजे छोटंसं गाव, पण मॅचच्या दिवशी आगगाडीतून उतरलेली सगळी गर्दी एकाच दिशेने चालू लागते, आपल्याकडे लोक जत्रेला निघतात तशी. लोक गाड्यांच्या डिक्या उघडून सँडविच खातात, थर्मासमधला चहा अनोळखी माणसालाही देतात.

"आणि दोन्ही टीमची माणसं शेजारी-शेजारी बसतात. मध्ये कुंपण नाही, काही नाही."

"मारामारी होत नाही?"

"मैदानात होते की. लई!" तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर काठी लागल्याची जुनी खूण हलायची. लेखाशी तिचा काही संबंध नव्हता, तरी भैरवीने ती नीट बघून ठेवली.

त्यानंतर दर शुक्रवारी तो येऊ लागला आणि दर शुक्रवारी तिचा जीव मेटाकुटीला आणू लागला. एक तर उशिरा यायचा, तेही सरावाहून, केसांत धूळ घेऊन. आल्या आल्या तिच्याच प्लेटमधलं खायचा. आणि सरळ उत्तर? नावच नको.

"स्टेशन ते स्टेडियम किती लांब?"

"गप्पा संपेपर्यंत."

"मिनिटांत सांगा!"

"मिनिटं कोण बघतंय हो..."

तिला प्रत्येक स्टेडियमला पाचपैकी मार्क हवे होते. मार्क द्यायला काय शाळा आहे का, असं तो विचारायचा. तिने क्रोक पार्क पहिलं ठेवलं की तो थर्ल्ससाठी भांडायचा. एकदा ती चिडून म्हणाली, "अरे, किती हट्टी आहेस तू!" — आणि थबकली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिला कळलंच नाही. त्याला मात्र बरोबर कळलं होतं. त्याने पाण्याचा ग्लास हळूच तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "तू कमी आहेस का?" त्या दिवशी थर्ल्स पहिलं आलं.

लेख डोनलला भलताच आवडला. 'गप्पा संपेपर्यंत' हे शब्द तिने तसेच इंग्रजीत लिहिले होते. ते वाचून त्याने म्हणे बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.

ही बातमी सांगायला भैरवीने श्रेयसला करक चहाच्या टपरीवर बोलावलं. त्याने हॉर्न दिला, पोऱ्या कडक चहाचे कप गाडीत देऊन गेला, आणि तिची बातमी ऐकून झाल्यावर श्रेयस कपाकडे बघत म्हणाला, "मला आयर्लंडला पाठवतायत, लिमरिकला. रविवारी हो की नाही ते सांगायचंय."

"कधी कळलं तुला?"

"झाले... बरेच दिवस."

"आणि आत्ता सांगतोस?"

"तुझा लेख व्हायचा होता ना. जाऊ का?"

तिला इतका राग आला की चहाने जीभ पोळली तेही कळलं नाही. "मग विचारतोस कुणाला? जा! मला काय करायचंय?"

त्याने कप खाली ठेवला. "भैरवी, एकदा गैरसमज करून घेऊन पेढे घेऊन आलोय मी. परत... हिंमत होत नाही. तू सांगशील तेवढंच खरं धरणार."

आता आली का पंचाईत! सगळा कोल्हापूरचा तोरा हर्लिंगच्या मैदानात, आणि जिथे बोलायचं तिथे हा तिच्या तोंडाकडे बघत बसणार. तिने त्याच्या गाडीचं दार आपटलं आणि घरी आली. रात्रभर त्याला मनात शिव्या घातल्या, नि सकाळी उठून कांदे चिरायला बसली.

त्याच दिवशी, शनिवारी, आखाती हर्लिंग स्पर्धा होती. दुबईची टीम आली होती, तिच्यासोबत तिथले पाठीराखेही. भैरवी चुकून त्यांच्यातच जाऊन बसली, आणि कुणी उठवलंही नाही. उलट शेजारच्या आजोबांनी सँडविच दिलं. श्रेयसला चेंडू मिळाला, गोल समोर होता, तेवढ्यात त्याला ती दिसली... आणि चेंडू भलतीकडेच गेला. दुबईवाले नाचले. "अरे, काय हे!" ती मराठीत ओरडली. दोहा हरलं.

मॅचनंतर मैदानाबाहेर सगळ्यांनी डिक्या उघडल्या. श्रेयस काठी खांद्यावर टाकून, मान खाली घालून आला, तर भैरवीच्या गाडीचीही डिकी उघडी. आत स्टीलचा डबा, दोन प्लेट, लिंबाच्या फोडी आणि पेढ्यांचं खोकं.

"हे... काय?"

"कांदेपोहे. आज पेढे मी आणलेत. या वेळी गैरसमज नाही. बस, आणि विचार काय विचारायचं ते."

तो डिकीच्या कडेवर टेकला. काठी बाजूला ठेवली.

"स्वयंपाक येतो?"

"नाही."

"स्वभाव?"

"चिडका."

"ते आहे माहीत." मग हळूच, "आणि... मी?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुझा मला दर शुक्रवारी वैताग येतो, श्रेयस. पण तू येणार नाहीस त्या शुक्रवारचा विचार केला की... रडू येतं. मला तू आवडतोस. झालं सांगून. खलास."

"मग लिमरिकला नको जाऊ?"

"जा. एकही स्टेडियम न बघता लेख लिहिलाय मी. उन्हाळ्यात येऊन बघायला नको? आधी थर्ल्स. स्टेशनवरून चालत."

"गप्पा संपेपर्यंत?" तो तिच्याकडे बघून हसला, ती खूण हलली. "मग आयुष्यात पोचत नाही आपण."

तिने त्याच्या प्लेटवर लिंबू पिळलं. त्याने पोहे चवीने, अगदी पुसून खाल्ले आणि आणखी मागितले. मग भैरवीने स्वतः पहिला घास घेतला. पोह्यांत मीठच नव्हतं. आणि हा शहाणा एका शब्दाने बोलला नव्हता! ती पुन्हा वैतागली.