आधी स्वतःचा अर्ज

रोह्याच्या त्या कंपनीच्या गेटवर मी धापा टाकत पोचले, तेव्हा वॉचमन ‘जागा भरल्या’ असा पुठ्ठा तारेने बांधत होता. जाहिरात सकाळी नोकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली आणि दुपारी सगळं आटोपलेलं. समोरच्या टपरीवर एक मुलगा फाईलने वारा घेत माझ्याकडे बघून हसत होता. मला अशा वेळी हसणाऱ्यांचा फार राग येतो.

“मुहूर्त बघून निघालात काय?” त्याने विचारलं.

“डोळे आखत होते.”

“कोणाचे?”

“गणपतीचे.”

त्याला चहाचा ठसका लागला. मग मला सगळं सांगावंच लागलं. हमरापूरला आमचा मूर्तींचा कारखाना. डोळ्यांची आखणी माझ्याकडे. एकदा पहिला डोळा आखला की दुसरा पुरा होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. मूर्ती एका डोळ्यावर सोडायची नाही, ही आमच्या घरची रीत. तेवढ्यात नोकऱ्या येतात आणि जातातही.

“मग तुमचा बायोडेटा मला पाठवा. जाहिरात दिसली की तुमचा अर्जपण मीच टाकतो.”

“अनोळखी मुलाला पाठवू?”

“ऋत्विक. रोह्याचाच. बी.कॉम., रिकामा.” तो हसला. “आता झाली ओळख.”

पाठवला. का पाठवला, ते तेव्हा मला कळलं नव्हतं... किंवा कळलं होतं.

मग आमचं ठरलं. जो आधी बघेल त्याने दोघांचे अर्ज भरायचे. पण आधी स्वतःचा, मग दुसऱ्याचा. हा नियम माझा होता. कारण तो स्वभावाने असा, की एसटीत बसायला मिळालेली जागाही दुसऱ्याला देऊन उभा राहायचा.

मुलाखतींना आम्ही बरोबर जायचो आणि बरोबर नापास व्हायचो. पेणच्या स्टँडवर तो माझी नखं बघायचा. “सोनेरी रंग राहिलाय गो... साहेब घाबरेल.” आणि रुमालाने, अगदी हळू, एकेक बोट पुसायचा. थंडीत त्याने शेतातल्या वालाच्या शेंगा आणल्या, पिशवीभर. माझा फोन लागला की पहिला प्रश्न ठरलेला — “दोन्ही डोळे झाले?” झाले म्हटलं की मगच पुढचं बोलणं.

मला नोकरी हवी होती, ती छातीसाठी. कारखान्यात रंगाचा फवारा चालतो. त्याने मला दम लागायचा, आणि डॉक्टर म्हणाले होते, तिथून बाहेर पड. त्याला नोकरी हवी होती, ती माझ्यासाठी. कारण माझ्या बाबांनी, म्हणजे दिनानाथ मूर्तिकारांनी, त्याला समोर बसवून सांगितलं होतं, “पोरगा चांगला हायस. इथे कामाला लाग, मग बोलणी करू. परमुलखात जाणाऱ्याला मी पोर देणार नाय.”

आषाढात एका दुपारी मी मोठ्या मूर्तीचा डावा डोळा आखत होते. फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. त्याचीच रिंग. हात हलू नये म्हणून मी श्वास रोखला आणि उजवा डोळा पुरा केला.

धरमतरच्या मालवाहतूक कंपनीची जाहिरात होती. पेणच्या ऑफिसात एक जागा, पहिले थोडे अर्ज आले की लिंक बंद. ऋत्विकने माझा अर्ज टाकला होता. स्वतःचा भरेपर्यंत लिंक बंद झाली.

“नियम काय होता?” मी फोनवर ओरडले.

“परवा तू जिना चढून आलीस तेव्हा तुला बोलता येत नव्हतं गो.”

“आणि बाबा? आपलं काय?”

“तू नीट श्वास घे आधी,” तो म्हणाला. “मला मिळेल दुसरी.”

मला नोकरी लागली. त्याला दुसरी मिळाली नाही. वाट बघून बघून शेवटी तो गुजरातमध्ये एका कारखान्यात गेला, दोन वर्षांचा बॉन्ड लिहून. जाताना रोहा स्टेशनवर त्याने सवयीने माझी नखं बघितली. स्वच्छ होती. रुमाल काढलेला तसाच त्याने खिशात घातला. तेव्हा मला रडू आलं.

परवा साहेबांनी मला एक जाहिरात ग्रुपवर टाकायला दिली. हिशेबनीस, बी.कॉम., नवखा चालेल, स्थानिक हवा. माझ्या शेजारचं टेबल. मी ती आधी त्याला पाठवली, आणि ग्रुपवर टाकायला बोट उचलेना.

त्याचं उत्तर आलं. “बॉन्ड मोडता येत नाय. थांबू नको. टाक ग्रुपवर, कोणीतरी वाट बघत असेल.”

टाकली. लगेच अर्ज येऊ लागले. पहिला जिते गावच्या एका मुलाचा होता. मी तो नीट वाचला आणि साहेबांकडे पाठवला.

काल रविवार. फवारा बंद असतो, म्हणून मी आखणीला बसले. पलीकडे बाबा मुकुट घासत होते. डावा डोळा झाला, आणि फोन वाजला. त्याची रिंग.

मी कुंचला ठेवला आणि फोन घेतला.

“दोन्ही डोळे झाले?”

“नाय. एकच झालाय.”

माझ्या घरची रीत त्याला माझ्याइतकीच माहीत होती.

“नूतन,” तो म्हणाला, “मी सांगणार होतो, की वाट बघू नको...”

“मी बघणार हाय. तू परमुलखात असलास तरी. आणि हे मी बाबांच्या समोर बोलतेय.”

बाबा उठले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते मूर्तीजवळ गेले, खांद्यावरचा पंचा काढला आणि तिच्या तोंडावर हलकेच पांघरला.

“बोल सावकाश,” ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.