एक टक रेस, दोन टक बंद

धाकट्याचं वय बावन्न. डोक्यावर केस मोजके, गुडघे कुरकुरणारे, तरी सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची, कारण वर थोरला होता. त्या थोरल्याला सगळे दादा म्हणत. दोघा भावांचं गॅरेज सव्वीस वर्षं चाललं. चार महिन्यांपूर्वी दादा दुपारी जेवून जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. धाकट्याच्या वर कुणी उरलं नाही, पण लोकांच्या तोंडी नाव तेच राहिलं.

थंडी पडू लागली तशी एका संध्याकाळी नर्सबाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या.

"सकाळी पहिल्यांदा चालू केली की किंचाळते हो. पंधरा-वीस सेकंद, मग गप्प. मी सहाच्या ड्यूटीला निघाले की अख्खी गल्ली उठून बसते. खालचे आजोबा तर म्हणतात, मी गजर लावणंच सोडून दिलंय."

"बेल्ट बदलला?"

"दोनदा. दोन वेगवेगळ्या ठिकाणी. दादा असते तर..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

धाकट्याला ते लागलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. गॅरेजचा कान दादाचा होता. धाकटा आत बसून किल्ली फिरवायचा. दादा उघड्या बॉनेटखाली वाकायचा, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका पुलीच्या बोल्टवर टेकवायचा आणि मूठ कानाशी धरून आवाज ऐकायचा. बॉनेट वर असलं की काचेतून समोरचं काही दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नाही. म्हणून दादाने खूण ठरवली होती. मडगार्डवर एक टक म्हणजे रेस दे, दोन टक म्हणजे बंद कर. दोष सापडला की तिथे खडूची बारीक रेघ ओढायची आणि तोंडातली लवंग चघळत म्हणायचं, "घे, आता तुझं काम." सव्वीस वर्षं धाकट्याने भावाला काम करताना पाहिलं असं नाही, ऐकलं. 

गाडी रात्रभर गॅरेजात थंड होऊ दिली. ही जमली नाही तर शटर कायमचं ओढायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहाटे बाहेर धुकं होतं. शटर अर्धं वर करून त्याने बॉनेट उघडलं, आत बसला, किल्ली फिरवली. गाडी अशी किंचाळली की त्याच्या दातांत कळ गेली. दार उघडून, गुडघे सावरत तो पुढे पोचेपर्यंत आवाज थांबला होता. थंड इंजिनाचं दुखणं दिवसातून एकदाच बोलतं. ते हुकलं की दुसऱ्या सकाळपर्यंत हात चोळत बसायचं. किल्लीवर कुणालातरी बसवलं असतं तर काम सोपं होतं, पण मग पुढे दादाच्या जागी स्वतः उभं राहावं लागलं असतं. त्याला ते होईना.

दुसऱ्या सकाळी त्याने पुन्हा किल्ली फिरवली. किंचाळी सुरू झाली. आणि मडगार्डवर टक झाली. एकच.

त्याच्या पायाने आपसूक रेस दिली. किंचाळी चढली. मग टक, टक. हाताने किल्ली बंद केली. इंजिन थांबलं, सगळं शांत झालं, आणि तेव्हा कुठे त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"दादा...?"

बॉनेटखालच्या फटीतून धुक्याचा पांढरा उजेड येत होता. त्या फटीत काहीतरी होतं, ते बाजूला सरलं आणि उजेड मोकळा झाला. तो पुढे गेला. कुणी नव्हतं. लवंगेचा वास मात्र नाकाशी दरवळत होता, आणि बेल्टच्या वाटेवरच्या मधल्या छोट्या पुलीवर खडूची ताजी रेघ होती.

त्याने बेल्ट उतरवून ती पुली बोटाने फिरवली. अडकत, करकरत फिरली. आतल्या बेअरिंगचं ग्रीस वाळून गेलं होतं. गारठ्यात पुली जागची हलेना, वरून बेल्ट घासत किंचाळायचा, आणि गरम झाली की गुमान फिरायची. लोक बेल्ट बदलत बसले होते. बेल्ट बिचारा निर्दोष. तासाभराचं काम होतं.

धाकट्याने बेल्ट पुन्हा चढवला. खडूची रेघ अंगठ्याने पुसली. नर्सबाईंना फोन करून सांगितलं, "अजून सापडत नाहीये. राहू द्या दोन-चार दिवस."

दोन-चारचे नऊ दिवस झाले. रोज पहाटे तो किल्ली फिरवायचा, टक आली की रेस द्यायचा, दोन टका आल्या की बंद करायचा. रोज ताजी रेघ, रोज तो ती पुसायचा. भीती वाटायची, नाही असं नाही.  पण ती वीस सेकंदं तो पुन्हा धाकटा असायचा, आणि तेवढ्यासाठी तो दिवसभर जगत होता. सातव्या दिवसापासून टका जोरात येऊ लागल्या. नवव्या दिवशी मडगार्डला पोचा पडला.

दहाव्या दिवशी दुपारी वहिनी आली.

"भाऊजी, नर्सबाई मला रस्त्यात भेटल्या. दहा दिवस पहाटेच्या अंधारात पायी जातायत. काय चाललंय तुमचं?"

त्याने सगळं सांगून टाकलं. ती हसेल किंवा रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने त्या पोच्यावर तळहात ठेवला.

"तुमच्याकडे येतात," ती म्हणाली. "माझ्याकडे चार महिन्यांत एकदाही नाही. मी रोज संध्याकाळी दाराकडे कान लावून बसते, वेड्यासारखी."

"वहिनी..."

"दोष कळलाय तुम्हाला?"

त्याने मान खाली घातली. "पहिली टक आली त्याच दिवशी."

"मग तुम्ही त्यांना अडकवून ठेवलंय, भाऊजी! काम अर्धं टाकून हे कधी घरी आलेत का?"

 त्याच संध्याकाळी त्याने नवी पुली बसवली. हात चालत होते आणि डोळे वाहत होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

सकाळी किल्लीवर वहिनी बसली. धाकटा आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला बॉनेटच्या पुढे उभा राहिला, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून. "किल्ली मारा," तो ओरडला.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. किंचाळी नाही, करकर नाही. त्याने एकेक पुली ऐकली. सगळ्या सुरळीत फिरत होत्या, आणि त्याला ते कळत होतं. कान त्याचाही होता, कधी वापरायची वेळच आली नव्हती. लवंगेचा वास कुठेच नव्हता. त्याने मडगार्डवर दोनदा बोटं आपटली, टक, टक, जशी दादा आपटायचा तशीच. वहिनीने इंजिन बंद केलं.

त्याने स्क्रू ड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. गॅरेजात चिटपाखरूही नव्हतं. वहिनी काही उतरेना, म्हणून तो दाराशी गेला. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"झालं, वहिनी. सुटली गाडी."

"तुम्ही आत्ता इकडे आला होतात?"

"कुठे?"

"या दारापाशी. तुमच्या दोन टका ऐकल्या, इंजिन बंद केलं. मग इथे वाजलं... माझ्या दारावर. तीनदा."

"तीन असं काही नाहीये आमच्यात. एक म्हणजे रेस, दोन म्हणजे..."

"तुमच्यात नसेल." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आमच्यात आहे. बेल असून यांनी कधी वाजवली नाही. गॅरेजातनं सुटले की घराच्या दारावर तीन टका, म्हणजे मी आलो, उघड."

तिने पदर सावरला आणि घाईघाईने पर्स चाचपली. किल्ल्यांचा जुडगा काढून तिने त्याच्यासमोर धरला.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी तर घराला कुलूप लावून आलेय हो."