टाळ्या कोणी टाकल्या

आमच्या ‘पंचशील मेलडी’चा पुनर्जन्म वणीच्या वेशीवरच्या एका बंद जिनिंगमध्ये, दुपारी तीन वाजता, एकेचाळीस प्रेक्षकांसमोर झाला. त्या एकेचाळिसातले तीन आम्हीच होतो. आपला कार्यक्रम सुरू आहे की नाही, हे पाहायला आपापल्या फोनवर, आवाज बंद ठेवून, हजर झालो होतो.

साल दोन हजार वीस, महिना डिसेंबर. बोंडअळी लागोपाठ चौथ्या वर्षी कपाशीच्या पऱ्हाटीवर जेवायला बसली होती, आणि तिच्या तावडीतून जे सुटलं ते टाळेबंदीनं कुलूप लावून ठेवलं होतं. लग्नं पन्नास माणसांत उरकत होती. पन्नास माणसांत ऑर्केस्ट्रा बोलावला तर वऱ्हाडी कुठं बसवायचे हा प्रश्नच होता. तेव्हा अश्वजितच्या डोक्यात आलं, की लोक येत नाहीत तर आपणच त्यांच्या फोनात जाऊ.

अश्वजित म्हणजे आमचा कीबोर्डवाला आणि मालक. त्याची बायको साधना गायची. प्रेम ऑक्टोपॅड वाजवायचा. आणि मी, मारोतराव, निवेदक. ज्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि तरीही स्टेजवरून उतरवता येत नाही, त्याला निवेदक म्हणतात. शिवाय सतरा वर्षं एका साप्ताहिकात मी वात्रट सदर चालवलं होतं, त्यामुळे मला काही गंभीरपणे सांगावं लागलं की ऐकणारा आधी हसून घेतो. पुढचं सांगताना ही अडचण आहे.

जिनिंग घेतली कारण ती फुकट होती. कापूस न आल्यामुळे यंत्रं झाकलेली. भिंतींवर आणि वरच्या लोखंडी कैच्यांवर वर्षानुवर्षांची रुई चिकटून बसलेली. त्या रुईनं आवाज गिळून टाकायचा. माणूस शिंकला तर शिंक त्याच्यापाशीच राहायची. दुपारची वेळ घेतली कारण संध्याकाळी मालिका असतात, आणि नेटवर्कही त्यांच्याच बाजूनं असतं.

एके काळी कापसाचा पहिला वेचा घरात आला की आमची जीप हलायची, ती थेट चैत्रात थांबायची. ढाणकी, झरी, जिथं म्हणाल तिथं. गावांची नावं मी विसरतो, टाळ्या मात्र लक्षात राहतात. खाणीतल्या कामगारांची टाळी जड, दोन विटा आपटल्यासारखी. पुढाऱ्यांची टाळी दिसते, ऐकू येत नाही. वेचणीच्या दिवसांतल्या बायांची टाळी मऊ. बोंडाच्या टोकदार सालींनी बोटं फाटलेली, त्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्या बोटं बाजूला ठेवून नुसत्या तळव्यांनी वाजवतात.

सगळा खटाटोप खरं तर साधनासाठी होता. सप्टेंबरात ती सतरा दिवस ऑक्सिजनवर होती. घरी आली ती अर्ध्या श्वासाची. ओळ निम्मी झाली की दम संपायचा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गा. तिनं गायचंच सोडलं होतं. अश्वजितला वाटलं, माइक समोर आला की गळा आपोआप आठवेल.

पहिलं गाणं तिनं कसंबसं पार केलं. शेवटची ओळ दोन तुकड्यांत आली. मग जे व्हायचं ते झालं, म्हणजे काहीच झालं नाही. चार माणसं, चार फोन, रुई.

अश्वजितनं कीबोर्डवरचं बटण दाबलं. त्यातून टाळ्या आल्या, विलायती, सगळ्यांची नखं कापलेली.

“बंद करा ते,” साधना म्हणाली. “मी काय भिंतीले गाणं म्हणून राह्यली? अन् वरून भीक नको मले.”

“अवं, पहिलाच दिवस आहे.”

“तीन रविवार पाहीन. नाही जमलं तं माइक ठेवून देईन. मग मले कोणी विचारायचं नाही.”

ती थट्टेत बोलत नव्हती. अश्वजितनं माझ्याकडे पाहिलं, मी फोनकडे. फोनवर एकेचाळिसाचे छत्तीस झाले होते.

संध्याकाळी आमच्या कार्यक्रमाच्या पानावर, व्हिडिओखाली, लोकांनी लिहिलं होतं, ‘छान.’ ‘ताई, तब्येत सांभाळा.’ आणि पाच-सहा जणांनी लिहिलं होतं, ‘टाळ्या भारी टाकल्या. खऱ्या वाटल्या.’

आम्ही अश्वजितच्या घरी बसून रेकॉर्डिंग लावलं. गाणं संपलं, आणि टाळ्या झाल्या. कीबोर्डच्या आधी. दीड-दोनशे माणसांच्या, पुढून सुरू होऊन मागं पोचणाऱ्या. मग त्यांच्यावर त्या विलायती टाळ्या पडल्या, तेव्हा फरक कळला.

“अश्वजित, तू टाकल्या?”

“आईची आन. मले येतच नाही ते टाकता.”

हे मला पटलं, कारण त्याला साधा फोटो पाठवतानाही माणूस लागतो. मग मी शहाण्यासारखं वागलो. तारा पाहिल्या. वस्तीत कुठं दुसरा कार्यक्रम होता का, विचारून आलो. नव्हता. जमावबंदीच होती.

दुसऱ्या रविवारी मी कीबोर्ड घरी ठेवायला लावला. अश्वजित कुरकुरत पेटी घेऊन बसला. साधनानं दुसऱ्या फोनवर आमचाच कार्यक्रम लावला आणि त्याचा हेडफोन एका कानाला. इथलं तिथं पोचायला वीस सेकंद लागायचे.

गाणं संपलं. जिनिंग गप्प. आम्ही तिच्याकडे पाहत बसलो. सतरा, अठरा, एकोणीस. मग साधनाचा चेहरा उजळला. आम्हाला काहीही ऐकू येत नव्हतं, आणि ती समोरच्या झाकलेल्या यंत्राला वाकून नमस्कार करत होती.

पुढचं गाणं तिनं एका श्वासात उचललं. मग तिसरं. आवाज असा वर गेला की प्रेमचा हात चुकला. अश्वजित पेटी वाजवता वाजवता रडत होता आणि मास्कनं डोळे पुसत होता. तो आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. मीही रडलो असतो, पण मला मधे बोलायचं होतं.

रात्र व्हायच्या आत आम्ही रेकॉर्डिंग ऐकलं. टाळ्या दुप्पट झाल्या होत्या. मऊ होत्या, नुसत्या तळव्यांच्या. आणि त्यांच्या मागून एक खळखळाट येत होता, ज्वारीचं पोतं हळूहळू ओतल्यासारखा.

प्रेम उठून उभा राहिला. “काका, हे आमच्या बायांच्या बलिया आहेत.”

बलिया म्हणजे तांड्यातल्या बाया कोपरापर्यंत घालतात त्या पांढऱ्या बांगड्या. प्रेमचा जन्म लालसिंग नायकाच्या तांड्यावरचा. तांडा दोन हजार नऊ साली खाणीसाठी उठला. आता तिथं जे आहे त्याला जागा म्हणता येत नाही. खाली पाहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रेमच्या आईकडे, रुपीबाईकडे गेलो. नव्या वसाहतीतलं घर, सिमेंटचा ओटा, ओट्यावर ऊन. प्रेमनं फोन तिच्या कानाला लावला.

“याडी, ऐक. कोण आहे सांग.”

रुपीबाईनं डोळे मिटले. पहिल्यांदा ती हसली. “ही भुरीबाई. तिले ताल नाही, सगळ्यांच्या मागून वाजवते. ही पुष्पा.” ती थांबली. तिनं फोन कानापासून लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

“अन् ही मी.”

प्रेमनं तिच्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. हात मोकळे होते. प्रेमचा बाप गेला तेव्हा बलिया उतरल्या होत्या, त्याला आठ वर्षं झाली.

“भुरीबाई आहे ना अजून?” मी विचारलं.

“आहे ना. पोरीकडं पुसदले. कालच फोन आलता.”

म्हणजे हे भूत-बित काही नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं.

“मायकवाले भाऊ,” रुपीबाई म्हणाली, “तुम्ही आलते आमच्याकडं. अठ्ठ्याण्णवले. लाइट नव्हती म्हणून दिवसा केलता.”

मला आठवलं. वेचणी सोडून बाया कमरेला झोळीसारख्या बांधलेल्या ओट्यांसकट आल्या होत्या. ओट्यांत कापूस तसाच. बसल्या तेव्हा सगळा तांडा पांढऱ्या उशांवर बसल्यासारखा दिसत होता. साधना तेव्हा बावीसची. काय गायली होती! आणि मग जनरेटर बंद पडला.

“तुम्ही सामान भरलं अन् गेले. संपलं म्हणून सांगतलंच नाही.”

“डिझेल संपलं होतं बाई. माइक बंद होता.”

“आम्हाले काय मालूम? आम्ही बसून राह्यलो. दिवस बुडेपर्यंत.”

आमच्या कार्यक्रमात एक रीत होती. निवेदकानं ‘कार्यक्रम संपला’ म्हटल्याशिवाय गायिका जागची हलत नाही आणि लोक उठत नाहीत. ती रीत मीच पाडली होती. आणि त्या दिवशी माइकशिवाय बोलणं मला कमीपणाचं वाटलं होतं. दोनशे माणसं डोळ्यांसमोर असताना मी पाठ फिरवून वायर गुंडाळत होतो.

साधनाला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, तिसरा रविवार राहू दे.

“तीन महिन्यांत पहिल्यांदा मले पुरा दम भेटून राह्यला, भाऊ. अन् तुम्ही म्हणता थांब?”

“हे लोक कोण आहेत, आपल्याला माहीत नाही.”

“काहून? आपल्याले कधी माहीत असते? ते कोणी असोत. ऐकून तं राह्यले.”

 सतरा वर्षं मीसुद्धा अशाच अंदाजानं लिहिलं होतं.

तिसऱ्या रविवारी तिनं हेडफोन दोन्ही कानांना लावले. पत्र्यातल्या काचेतून ऊन खाली येत होतं आणि उन्हात रुईचे कण तरंगत होते. बघणारे तीनशे बारा. तिनं पहिलं गाणं म्हटलं. वीस सेकंद थांबली. मान डोलावली, आणि तेच गाणं पुन्हा सुरू केलं.

“वन्स मोअर मागून राह्यले वाटते,” अश्वजित कुजबुजला. त्याला आनंद झाला होता.

गाणं संपलं. ती थांबली, हसली, पुन्हा तेच.

पाचव्या वेळी प्रेमनं वाजवणं थांबवलं. सातव्या वेळी अश्वजितनं. साधना तशीच गात होती, सुरात, डोळे समोर. फक्त ओळींच्या मधल्या जागा नाहीशा झाल्या होत्या. ती श्वास घेतच नव्हती. तिचे ओठ जांभळे पडत चालले होते.

“साधना, बस कर.”

तिनं तळहात दाखवला. थांबा.

अश्वजितनं फोन काढला आणि प्रक्षेपण बंद केलं. दुसरा फोनही बंद केला. हेडफोनची वायर ओढली. ती लोंबत राहिली.

साधना गात राहिली. गाणं संपलं. ती ऐकू लागली. आठव्यांदा. नवव्यांदा.

मी तिच्या एका कानावरचा हेडफोन उचलून माझ्या कानाला लावला.

शांतता होती. पण जिनिंगमधली नव्हती. उघड्यावरची होती, दोनशे माणसांनी मिळून धरलेली. कुणीतरी खोकलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. एक बांगडी वाजली.

ते वाट पाहत होते.

मी तिच्यापुढे उभा राहिलो. माइक बंद होता. तसाच बोललो.

“मायबाप रसिकहो, खूप वेळ बसलात. कार्यक्रम संपला. ऊन उतरलंय, सांभाळून घरी जा.”

साधना थांबली. ओळीच्या मधे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यामुळे तिची जीप चुकली. मग छाती भरून श्वास घेतला आणि खाली बसली. ओठांचा रंग परत आला. प्रेमनं पाणी दिलं, ती पाणी प्याली.

संध्याकाळी ती आमच्यामध्येच बसली होती. अश्वजितनं रेकॉर्डिंग लावलं. त्यानं बंद केलं तिथं ते संपायला हवं होतं. ते आणखी चार मिनिटं होतं.

माझा आवाज आला, बंद माइकवरचा, स्वच्छ. मग माणसं उठल्याचा आवाज. लुगडी झटकली जात होती. बाया बोलू लागल्या, बलिया खळखळत रस्त्याला लागल्या. एक वासरू ओरडलं. त्या घोळक्यात, त्यांच्याबरोबर चालत चालत, कुणीतरी तेच गाणं म्हणत होतं. भरल्या गळ्यानं, घाई नसल्यासारखं. बाया मधेच हसत होत्या, ती गात होती, आणि सगळ्याच लांब जात होत्या.

आवाज साधनाचा होता. आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

ती फोनवर वाकून ऐकत होती. आवाज विरत चालला तशी तिनं ओठ हलवून त्याला साथ धरली. शब्द बरोबर होते, जागा बरोबर होत्या. खोलीत नुसता वारा ऐकू येत होता, तिच्या तोंडातून ये-जा करणारा.