नक्षीच्या दगडांचा वास

"बॅग उपडी कर! आत्ताच्या आत्ता!" मामा गरजले.

भिंगरीने बॅग उपडी केली. दोन फ्रॉक, ओला टॉवेल, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि मूठभर शंख जमिनीवर घरंगळले. मामांनी खाली बसून एकेक शंख हुंगून पाहिला. एकालाही वास येत नव्हता. त्यामुळे ते जास्तच चिडले!

"मग मेलेला खेकडा कुठे लपवलायस?"

"मी मेलेलं काही आणत नाही, मामा! जिवंतही नाही! दगड उचलला तरी होता तसाच परत ठेवते. ताईला विचारा हवं तर!"

"त्यात विचारायचं काय? अख्ख्या हॉटेलात दुर्गंधी सुटलीय! प्लंबर गटारं बघून गेला, ती स्वच्छ आहेत. वरच्या खोलीतले आजी-आजोबा आज नाकाला रुमाल लावून निघून गेले. समुद्रावरून रोज काहीबाही गोळा करून कोण आणतं? तू! उद्याच्या बसने तू घरी जायचंस. आणि ऐका रे सगळे, मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय कुणीही किनाऱ्यावर पाऊल टाकायचं नाही!"

मामा तरातरा निघून गेले आणि भिंगरीने भोकाड पसरलं.

ही भिंगरी दहा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून भिंगरी. तिच्याहून मोठा भाऊ वकील. हा पठ्ठ्या आंघोळीला जा म्हटलं तरी वाद घालतो! आणि सगळ्यांत मोठी ताई. ती नुकतीच तेरा वर्षांची झाली होती, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी तिची पक्की समजूत होती.

"उगी, उगी. मामा रागावले की असंच बोलतात," ताई म्हणाली.

"मामांचं नाही गं! माझ्या ऑक्टोपसबाईचं काय? मी नसताना अंडी फुटली तर?"

आता खरी गोष्ट अशी होती. मामांच्या हॉटेलासमोर खडकाळ किनारा होता. ओहोटी लागली की पाणी मागे सरायचं आणि खडकांच्या खळग्यांत डबकी उरायची. त्यांत झिंगे, खेकडे, तारामासे, हात लावला की मिटणारी समुद्रफुलं, नुसती चंगळ असायची! आणि सगळ्यांत लांबच्या डबक्यात, एका रुंद सपाट दगडाखाली राहायची ऑक्टोपसबाई. दगडाच्या खालच्या बाजूला तिने अंड्यांच्या माळा लटकवल्या होत्या. एकेक अंडं तांदळाच्या दाण्याएवढं. ती दिवसभर त्यांच्यावर पाण्याची फुंकर घालायची. पुढ्यातून गलेलठ्ठ खेकडा गेला तरी जागची हलायची नाही. परवापासून प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसायला लागले होते. पिल्लांचे डोळे! अंडी आता कधीही फुटणार होती, आणि भिंगरीची रवानगी नेमकी उद्याच!

"रडून काय होणार?" वकील बाह्या सरसावत म्हणाला. "वास भिंगरीच्या बॅगेतून येत नाही. मग तो कुठून येतो ते शोधू, की खटला निकालात!"

तिघं नाक वर करून हॉटेलभर फिरले. खोल्यांत वास होता, जिन्यात होता, जेवणघरातही होता. अंगणात आल्यावर मात्र ताईला मळमळायलाच लागलं.

"ती मनी बघा!" भिंगरी कुजबुजली.

हॉटेलची मांजर अंगणातल्या नव्या भिंतीसमोर ठाण मांडून बसली होती आणि जिभल्या चाटत होती. मामांना कारंज्यामागे शोभेची दगडी भिंत हवी होती. गवंडी तीच बांधत होता. सिमेंट ओलं राहावं म्हणून भिंतीवर भिजवलेली पोती टाकली होती.

वकिलाने एक पोतं उचललं.

"ईऽऽऽ!"

तिघंही चार पावलं मागे पळाले! नाक दाबून ताई पुन्हा पुढे झाली. दगडांवर शेवाळ होतं, मिटून वाळलेली समुद्रफुलं होती आणि बोटाच्या पेराएवढ्या शंखांच्या टोप्याच टोप्या चिकटल्या होत्या.

"टोपीवाले!" भिंगरी किंचाळली. "ताई, हा बघ लाल ठिपका! हा आपला टोपीवाला आहे!"

या जीवांना टोपीवाले हे नाव मुलांनीच दिलं होतं. भरतीच्या वेळी हा प्राणी खडकावर शेवाळ खात हिंडतो आणि ओहोटी लागायच्या आत स्वतःच्या नेमक्या जागेवर परत येऊन बसतो, असं विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं. वकिलाला अर्थातच ते पटलं नव्हतं. म्हणून मुलांनी मामीची लाल नेलपॉलिश न विचारता उचलली होती. दहा-बारा टोपीवाल्यांना ठिपके दिले, एक टोपीवर, एक शेजारी खडकावर. दुसऱ्या दिवशी सगळे टोपीवाले आपापल्या ठिपक्याशी हजर!

आणि आता त्यांतला एक लाल ठिपका भिंतीत होता. भिंगरीने बोट लावलं, तर टोपी अलगद निसटून पडली. आतला जीव केव्हाच मेला होता. तिला खूप वाईट वाटलं. पण भिंतीत मधोमध सोडलेली मोठी जागा दिसताच ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे धावली.

"मामी! इथे काय बसवणार आहेत गं?"

"बसायला बाक!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामी म्हणाली. "मोठा सपाट दगड हेरून ठेवलाय म्हणे. गवंडी आत्ताच हातगाडी घेऊन गेलाय खाली."

मोठा सपाट दगड! तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. असा दगड साऱ्या किनाऱ्यावर एकच होता.

ताई मामांकडे धावली. मामा फोनवर कुणाला तरी विनवत होते, "नाही हो, वास उद्यापर्यंत जाईल!" त्यांनी 'नंतर, नंतर' असा हात हलवला.

"आपण जाऊ या!" भिंगरी म्हणाली.

"मोठं माणूस बरोबर हवं," वकील म्हणाला. मग त्याचे डोळे चमकले. "बरोबर हवं... पण ते पुढेच असायला हवं असं कुठे म्हणालेत? भिंगरे, तुझा आवाज काढ!"

भिंगरी अंगणात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली, "मामीऽ! तुझी लाल नेलपॉलिश मीच संपवली! आणि मामाऽ! वास कुठून येतो ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही! पकडा मला!"

आणि तिने किनाऱ्याकडे धूम ठोकली!

"काय? माझी नेलपॉलिश?" मामी लाटणं घेऊनच बाहेर आली. मामांनी फोन आपटला. पुढे भिंगरी, तिच्यामागे ताई आणि वकील, त्यांच्यामागे मामी आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकणारे मामा!

डबक्यापाशी गवंडी आणि त्याचा जोडीदार दगडाखाली पहार घालत होते. भिंगरी पाण्यातून छपाछप धावली आणि दगडावर फतकल मारून बसली.

"ए पोरी, ऊठ! लागेल तुला!"

"नाही उठणार! इथे कुणीतरी राहतं!"

तेवढ्यात मामा पोचले. "भिंगरे! ऊठ म्हणतो ना!"

"आधी तुम्ही आडवे पडा, मामा. या फटीतून आत बघा. मग हवं तर मला आजच घरी पाठवा."

मामांनी आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं. मग भाचीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, ते ओल्या खडकावर चक्क पालथे झोपले.

त्यांनी फटीला डोळा लावला.

"अगं, ती माझ्याकडे बघतेय," मामा हळूच म्हणाले. "आणि हे एवढं सगळं... ही अंडी आहेत?"

"हो. तिने कितीतरी दिवसांत काही खाल्लं नाहीये."

"पहार काढा!" मामा उठता उठता म्हणाले. "सावकाश! दगडाला धक्का लावू नका!"

गवंड्याने पहार अलगद काढली. "साहेब, तुम्हीच म्हणालात, छान नक्षीचे दगड निवडून आणा."

"ती नक्षी जिवंत होती, काका!" ताई म्हणाली. "भिंतीत तीच कुजतेय. तोच वास!"

मामांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे वास मीच पैसे देऊन आणला! आणि शिक्षा या पोरीला!"

भिंगरीने वाकून फटीतून पाहिलं. बाई जागेवर होती, माळा शाबूत होत्या. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती रडता रडता हसायला लागली.

भिंतीत गेलेले जीव काही वाचले नाहीत. पण सकाळी आणलेले दगड अजून अंगणातच होते, पोत्यांखाली ओले. गवंड्यानेच ते हातगाडीतून परत नेले आणि भिंगरी सांगेल तसे, सरळ बाजू वर करून ठेवले. मामांनी स्वतः भिंत फोडली आणि तिचे दगड घासून धुवून काढले. संध्याकाळपर्यंत अंगणात नुसता समुद्राचा वारा होता.

"चुकलो मी, भिंगरे," जेवताना मामा सगळ्यांसमोर म्हणाले. "तू खरं सांगत होतीस. माझ्या हॉटेलाची अब्रू तुम्ही पोरांनी वाचवलीत. शाबास! पण काय रे वकिला, किनाऱ्यावर जायचं नाही असं बजावलं होतं ना?"

"मोठ्यांबरोबरच गेलो की, मामा! तुम्ही जरा हळू पळत होता, एवढंच!"

मामीला ठसका लागेस्तोवर हसू आलं.

दुसऱ्या दिवशी बस गेली, पण भिंगरी गेली नाही. ओहोटीला सगळे डबक्यावर गेले. परत नेलेल्या एका दगडावर लाल ठिपक्याचा दुसरा एक टोपीवाला रात्रभर हिंडून आपल्या ठिपक्याशी येऊन बसला होता. मामीने वाकून तो पाहिला आणि पदराआडून नवी कोरी नेलपॉलिश काढली.

"ही निळी तुमच्या प्रयोगाला. माझ्या लालला हात लावलात तर बघा!"

पण भिंगरीचं लक्षच नव्हतं. ती फटीशी पालथी झोपली होती आणि तिच्या शेजारी, आज जुनी पँट घालून, मामा.

"मामा! फुटलं! एक फुटलं!"

"कुठे? सरक जरा... अरे हो! अरे, केवढंसं ते! आणि अजून एक!" मामा लहान मुलासारखे ओरडले. "मामीला बोलवा! गवंड्यालाही बोलवा! सगळ्यांना बोलवा! पण दगडाला कुणी हात लावायचा नाही हं!"