शंभर दाणे आणि तीन राहिलेले

आमची पहिली भेट मोहाडीच्या बाजारात झाली, आणि तीही भांडणाने. किराणा दुकानात पॉपकॉर्नच्या मक्याची एकच पुडी उरली होती. ती मी धरली… आणि दुसऱ्या टोकाला एक सावळा, लांब बोटांचा हात आला.

“मी पयले पाह्यली,” मी म्हटलं.

“पाह्यली असन तुमी… धरली मी,” तो म्हणाला आणि हसला. अगं बाई, ते हसू! मी पुडी सोडली नाही, पण माझा आवाज आपोआप खाली आला.

“माह्या घरी मायक्रोवेव्ह आहे. तुमच्याकडे आहे काय?”

“नाही. पण घ्या तुमीच. फक्त कसे फुटले, ते सांगा मले.”

“कसं सांगू? बाजारात दवंडी देऊ काय?”

मग त्याने निमूटपणे नंबर दिला. आहेच मी हुशार!

कमलेश त्याचं नाव. चिखल्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीच्या पोटात सुरुंग लावायचं त्याचं काम. चार महिने आम्ही फोनवर इतकं बोललो की माझे कान दुखायला लागले. घोडं अडत होतं ते बाबांपाशी. आंधळगावात धानाची शेती करणाऱ्या माझ्या बाबांनी खाणीतलं एक स्थळ आधीच धुडकावलं होतं. “सकाळी खाली गेलेला माणूस सांजचा वर येईन, याचा काय भरवसा?” असं त्यांचं म्हणणं. आणि आता रविवारी तुमसरचे लोक मला पाहायला येणार होते.

म्हणून शनिवारी मी कमलेशला घरी बोलावलं. नागपूरहून दादाने पाठवलेला मायक्रोवेव्ह आई पापड ठेवायला वापरायची, तो चालवायला शिकवायचं निमित्त; कमलेशला आधी मीच फोनवर शिकवून ठेवलं होतं. त्याला बजावून ठेवलं होतं, खाणीचा ख सुद्धा काढायचा नाही. आधी बाबांना माणूस आवडू दे, मग नोकरी सांगू.

आईने मूठभर दाणे काचेच्या भांड्यात टाकले. कमलेशने ते बाहेर काढले आणि एकेक मोजून परत टाकले. बरोबर शंभर.

“मक्याचे दाणे कोन मोजते बाप्पा?” आई म्हणाली.

“सवय आहे, काकू.”

मी डोळे वटारले. भांड्यावर झाकण ठेवून त्याने बटण दाबलं. फट… फट… फटाफट! तो मान तिरपी करून ऐकत होता, ओठांनी मोजत होता, आणि मी त्याच्या कानाकडे पाहत होते. माणसाचा कान इतका देखणा असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आवाज थांबले. आईने मायक्रोवेव्हच्या दाराला हात घातला.

“थांबा!” कमलेश असा ओरडला की बाबांच्या हातातला सुपारी-तंबाखूचा खर्रा सांडला. “सत्त्याण्णवच झाले. तीन बार राहिले अंदर! चला, सगळे बाहेर!”

त्याने प्लग उपटला, आम्हा तिघांना अंगणात काढलं आणि स्वतः दारात आडवा उभा राहिला. “अर्धा तास कोनी अंदर जाणार नाही.”

खाणीत एखादा सुरुंग फुटायचा राहिला की हाच नियम! मग आपण काय करून बसलो, ते त्याच्या ध्यानात आलं. चेहरा पार उतरला.

“कामाले कुठं आहेस बाबू तू?” बाबांनी सावकाश विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छपराच्या कवेलूंकडे पाहिलं.

“चिखल्याले, काकाजी… खाणीत. सुरुंग लावतो.”

झालं! चार महिन्यांचं प्रेम तीन दाण्यांनी बुडवलं.

“खोटं नाही बोलता आलं काय तुले?” मी कुजबुजले.

“तुह्या बाबासमोर? नाही जमत,” तो म्हणाला. मग खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “काकाजी… अंजू मले आवडते. लग्न करीन तं इच्याशीच.”

आई ‘अव माय!’ म्हणून खाली बसली. मला मात्र मनातून इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. बाबा वीस मिनिटं अंगणातले खडे पायाने बाजूला सारत राहिले.

“थंड होऊन राहिले ना ते,” म्हणत आई उठली.

“काकू, अजून सात मिनिटं.”

ती तरीही निघाली, तर या वेळी बाबांनीच तिचा हात धरला. “थांब म्हनते ना पोरगा!”

अर्धा तास भरल्यावर कमलेश एकटा आत गेला आणि भांडं घेऊन आला. बाबांनी एक लाही तोंडात टाकली, बराच वेळ चावली. “चामडं झालं पार,” म्हणाले. मग खिशातून मोबाईल काढला आणि तुमसरला लावला.

“उद्या येऊ नका जी. पोरीचं जमलं.”

“अन् खाण?” आईने विचारलं.

“अवो, मक्याच्या तीन दाण्यांसाठी जो अर्धा तास दम धरते, तो पोरगा रोज सांजचा घरी येते.”

मला रडू फुटलं. कमलेश रुमाल शोधत सगळे खिसे चाचपत होता. आईने डोळे पुसले, पदर खोचला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आता तरी मले अंदर जाऊ द्या जी… जावयाच्या चहाचं आंधण ठेवाचं आहे.”