नऊ गोळ्या आणि झोपलेला परजीवी

मला दुसऱ्यांदा मलेरिया झाला तेव्हा सगळ्यात आधी मी मच्छरदाणी तपासली. एकही भोक नव्हतं. महिनाभर मी तिच्याबाहेर झोपले नव्हते, मग डास आला कुठून?

लालसू आजोबा शहरातल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मलेरियावर काम करून नुकतेच एटापल्लीच्या जंगलातल्या आमच्या गावी परतले होते. येताना त्यांनी स्वतः बनवलेला देहदर्शक (शरीराच्या आतलं दाखवणारा पडदा) आणला होता. तो त्यांनी माझ्या उजव्या फासळ्यांवर ठेवला.

"जैनी, हे तुझं यकृत. डास चावला की मलेरियाचे परजीवी (दुसऱ्याच्या जिवावर जगणारे सूक्ष्म जीव) आधी इथे घुसतात."

पडद्यावर एक गोल पेशी बाकीच्या पेशींना चाचपत फिरत होती.

"ही मारक टी-पेशी, रक्तातली पांढरी पहारेकरीण. आजारी पेशी आपल्या अंगावर परजीवीचे बारीक तुकडे टांगते. टी-पेशी ते ओळखते आणि त्या पेशीला परजीवीसकट संपवते."

"मग मला ताप का आला?"

"काही परजीवी निसटून तांबड्या रक्तपेशींत शिरले. त्या पेशींना सहसा असे तुकडे टांगता येत नाहीत, म्हणून तिथे मारक टी-पेशीचं फारसं चालत नाही. मग मदतनीस टी-पेशी हाकाटी करतात. त्यांच्या हाकेवर काही पेशी प्रतिपिंडं (परजीवीला चिकटणारी प्रथिनं) बनवतात, काही परजीवींना गिळतात. या झटापटीतच अंग तापतं."

मी इथे कण्हत पडले होते आणि आत एवढ्या जणी माझ्यासाठी राबत होत्या. मला त्यांची फार माया वाटली.

आजोबांनी पडदा थोडा सरकवला. एका पेशीत एक ठिपका निपचित पडला होता. टी-पेशी त्याच्या जवळून सरळ निघून गेली.

"हा झोपलाय, म्हणून सहसा सापडत नाही. जागा झाला की पुन्हा ताप. डास नवा नव्हता गं, परजीवी जुनाच. याच्यासाठीच पहिल्या तापात तुला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. सगळ्या घेतल्यास ना?"

मी मान खाली घातली. पाच घेतल्यावर बरं वाटलं, म्हणून उरलेल्या नऊ मी धाकट्या भावाला, चिन्नाला, ताप आला तर म्हणून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. आमच्याकडे बोटाएवढा मासा मिळाला तरी कुणी एकटं खात नाही.

आजोबा रागावले नाहीत. "डास तुला चावेल, मग चिन्नाला चावेल. तू त्याच्यासाठी आजाराचा वाटा ठेवलास, पोरी."

ते ऐकून मला रडूच आलं.

आरोग्यसेविका ताईंनी रक्त तपासून औषध पहिल्यापासून सुरू केलं. यकृतातच टी-पेशींचा पहारा बसवणारी लस शोधायची आहे, असं आजोबा सांगत होते. त्या कामाला मी मोठी झाल्यावर येणार, हे मी त्यांना सांगून टाकलं.

चौदाव्या दिवशी शेवटची गोळी हातात घेतली. मनातल्या मनात टी-पेशींना म्हटलं, बायांनो, तुम्ही पुष्कळ केलंत, आता एवढं मी करते. समोर बसलेल्या चिन्नाने सवयीने हात पुढे केला.

मी ती गोळी एकटीने खाल्ली, त्याच्यासाठी.